मार्चेल्लो मालपीगी

इटली देशांतील बोलोन्या शहरानजीक क्रेवाल्कोरे नांवाचें गांव आहे. तेथें १० मार्च १६२८ रोजीं मार्चेल्लो मालपीगी ह्याचा जन्म झाला. त्याच वर्षीं हार्वे नामक इंग्रज वैद्यानें, रक्त शरीरांत सतत फिरत असतें, हें सिद्ध करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु रोहिण्यांतील रक्त नीलांत कोणत्या वाटेनें शिरतें, हें हार्वेला डोळ्यांनीं पाहतां आलें नव्हतें.

मालपीगी बोलोन्याच्या विद्यापीठांत शिकत असतां १६४९ सालीं त्याचे आईबाप निवर्तले. भावंडांत तो वडील. त्यामुळें घरचा भार त्याजवर पडून अभ्यास कांहीं काळ खंडित झाला. तरी १६५३ सालीं त्यानें वैद्यकाची पदवी मिळविलीच. पुढें पिसा येथें प्राध्यापक असतां बोरेल्ली ह्या गणितज्ञाशीं त्याचा स्नेह जडला. आणि प्राचीनांचें वचन प्रमाण मानण्यापूर्वीं स्वतः पाहून खात्री करावी, ही त्याची वृत्ति दृढ झाली.

फुप्फुस हा मांसाचा गोळा आहे, असा त्या काळीं समज होता. बोलोन्यास परतल्यावर मालपीगीनें सूक्ष्मदर्शक यंत्रानें फुप्फुसें तपासण्यास आरंभ केला. श्वासनलिकेच्या फांद्या लहान लहान होत शेवटीं पातळ पडद्याच्या असंख्य पिशव्यांत संपतात, असें त्यास आढळलें. मोठ्या प्राण्यांत रक्ताची वाट दिसेना, तेव्हां त्यानें बेडूक निवडला. कारण त्याचें फुप्फुस साधें व पारदर्शक असतें. त्यांत रोहिणी व नीला ह्यांना जोडणाऱ्या अत्यंत बारीक केशवाहिन्या स्पष्ट दिसल्या. १६६१ सालीं बोरेल्लीस लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपानें त्यानें हा शोध प्रसिद्ध केला. हार्वे चार वर्षांपूर्वींच वारला होता. परंतु त्याच्या सिद्धान्तांतील उणीव भरून निघाली.

ह्याच वाटेनें जाऊन पुढील शास्त्रज्ञांनीं श्वासमार्गाच्या भिंतीचा एकेक थर तपासला. श्वासनलिका दबून मिटूं नये म्हणून तिच्या भिंतींत घोड्याच्या नालासारखीं कूर्चेचीं सोळा ते वीस कडीं असतात. आंतील अस्तरावर चिकट द्रव पाझरतो, त्यांत धूळ अडकते. आणि पेशींवरील सूक्ष्म केस एकसारखे हालून ती घशाकडे लोटतात. अगदीं बारीक नळ्यांत कूर्चा नसते, मात्र स्नायूंचा थर असतो. तो आवळला गेला म्हणजे दमेकऱ्याचा जीव कासावीस होतो. शेवटच्या वायुकोशांची भिंत तर इतकी पातळ कीं, हवेंतील प्राणवायु तिच्यांतून सहज रक्तांत शिरतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीनें १६६९ सालीं मालपीगीस सभासद करून घेतलें. स्वनगरांतील कित्येक सहकारी मात्र जुन्या मताचे अभिमानी असल्यामुळें त्याचा द्वेष करीत. १६८४ सालीं घरास आग लागून त्याचीं यंत्रें व लेख जळाले. तथापि त्याचें संशोधन थांबलें नाहीं. १६९१ सालीं पोप बारावे इनोसन्ट ह्यांनीं त्यास आपला वैद्य म्हणून रोमला बोलाविलें. तेथेंच १६९४ सालीं त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, तळ्याकांठच्या क्षुद्र बेडकांतही थोर सत्य दडलेलें असतें, व तें धीरानें पाहणारास सांपडतें, हें ह्या चरित्रावरून ध्यानांत ठेवावें.