मरुत्सखाचे तळपदे

बंगळूर हे विमानांचे गाव. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४० साली येथे विमान कारखाना काढला, तेव्हापासूनचे. त्यामुळे आपल्यातले चार जण जमले की बोलणे विमानांवर जाते आणि कोणीतरी अभिमानाने सांगतो की, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी एका मराठी माणसाने मुंबईत विमान उडवले. शिवकर बापूजी तळपदे हे नाव ऐकलेले सगळेच असतात. माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून हा लेख.

तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईत चिराबाजारातला. घराणे पाठारे प्रभू, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. तेथे चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांमुळे ते स्वामी दयानंदांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिकेकडे वळले. वेदमंत्रांचा अर्थ लावताना स्वामीजींनी त्यात विमानविद्येचा विषय घेतला आहे. असे वाचून मान डोलावणारे पुष्कळ असतात. तळपदे संस्कृत शिकले आणि यंत्र करायच्या मागे लागले. चित्रकलेच्या शाळेतला माणूस, ना कारखाना ना सरकारी पैसा! मला त्यांचे मोठेपण येथे दिसते.

यंत्राचे नाव मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. १८९५ साली ते गिरगाव चौपाटीवरून पंधराशे फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज पाहायला हजर होते, इंजिन पाऱ्यावर चालत होते, अशी कथा सांगतात. त्या काळातला लेखी पुरावा मात्र आजवर पुढे आलेला नाही. आपण रेल्वेवाले. लॉगबुकात जे नाही ते झालेच नाही, असे धरून आपली नोकरी चालते. मग आपला माणूस म्हणून येथे वेगळा न्याय लावायचा का?

त्या दशकात जगभर हेच वेड होते. १८९४ साली इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम यांनी साडेतीन टनांचे वाफेचे विमान चक्क रुळांवरून पळवले. ते उचलले गेले, वर जाऊ नये म्हणून बसवलेला अडसराचा रूळ तोडला आणि मोडले. शक्ती भरपूर होती, तोल सांभाळण्याची सोय नव्हती. जर्मनीत लिलिएंथाल यांनी बिनइंजिनाच्या पंखांवर सुमारे दोन हजार वेळा तरंगून तोल शिकून घेतला आणि १८९६ साली त्यातच पडून ते गेले. राइट बंधूंनी हा धडा घेतला. १९०० पासून तीन वर्षे त्यांनी आधी ग्लायडर उडवले, इंजिन नंतर बसवले. तेही १२ अश्वशक्तीचे, स्वतःच्या सायकलच्या दुकानात केलेले. एकंदर खर्च हजार डॉलरच्या आत. त्याच वर्षी लँगले यांचे ५० हजार सरकारी डॉलरचे विमान पोटोमॅक नदीत पडले होते. म्हणजे पैसा नसणे आणि घरच्या घरी काम करणे ही तळपद्यांची उणीव नव्हे. पण १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२० फूट लांब आणि १२ सेकंदांचे होते, आणि त्याचा फोटो आहे. पहिल्याच झेपेत पंधराशे फूट उंची कोणत्याही फिटरला पटणार नाही.

तळपदे पुढेही विषयाला चिकटून राहिले. १९०७ साली प्राचीन विमानकलेवर त्यांनी मराठीत पुस्तक काढले. फेब्रुवारी १९११ मध्ये अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले, तेव्हा ते हयात होते. १९१६ साली वयाच्या ५२ व्या वर्षी ते वारले.

आता आपल्या बंगळूरचा संबंध. येथून जवळच्या आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी वैमानिक शास्त्र हा ग्रंथ सांगितला आणि मरुत्सखा त्यावरूनच केले असे लोक बिनदिक्कत सांगतात. १९७४ साली आपल्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या पाच अभ्यासकांनी हा ग्रंथ तपासला. त्यातली विमाने उडणे शक्य नाही आणि ग्रंथही विसाव्या शतकाच्या सुरुवातीचाच, असे त्यांनी दाखवले. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी काही नमुने केले, पण ते उडाले नाहीत, अशीही नोंद त्यात आहे. न उडालेल्या नमुन्यांची ही नोंद मला पंधराशे फुटांपेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात हाताने काम करणारा माणूस दिसतो.

आणि तारखा तर कोणीही ताडून पाहाव्यात. शास्त्रींनी ग्रंथ सांगून लिहवून घ्यायला सुरुवात केली ती १९१८ साली. तळपदे जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.