एमाआजींची पिशवी

ट्रेकची सॅक भरायला बसलो की मला एमा गेटवूड आठवतात. अमेरिकेतल्या ओहायोच्या या आजी, अकरा मुलांची आई. नवऱ्याचा मार सोसत संसार केला, शेवटी घटस्फोट घेतला. ३ मे १९५५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या एकट्याच ॲपलाचियन ट्रेल चालायला निघाल्या. सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट! खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. एक घोंगडी, रेनकोट आणि पावसापासून आडोशाला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. २५ सप्टेंबरला त्यांनी कटाहडिनचा माथा गाठला.

म्हणून सगळंच घरी ठेवावं का? तसं नाही. आदल्याच वर्षी मेन राज्यात आजी वाट चुकल्या होत्या; चष्मा फुटला आणि सुरुवातीलाच परतावं लागलं. १९५५ मध्येही पुराचा ओढा त्यांनी दोन तरुणांच्या आधाराने ओलांडला, कित्येक रात्री अनोळखी घरांत काढल्या. हलक्या पिशवीमागे माणसांचा आधार होता.

मी जादा कपडे बाहेर काढतो. रेनकोट, विजेरी, औषधं मात्र राहतात. आणि हो, दुसरा चष्माही.