थोरले महाराज आणि आपल्या घरची पौर्णिमा

मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली की आपल्या नागपुरात दत्तभक्तांच्या घरी चौरंग निघतो, केळीचे खांब येतात. आणि घरातली वडीलधारी माणसं हळूच विचारतात, यंदा उपास झेपेल का हो? गोळ्या सुरू, डॉक्टर उपाशी राहू देत नाहीत, नेम मात्र कितीतरी वर्षांचा. मन खट्टू होतं. अशा वेळी प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती (टेंबे) स्वामी महाराजांचं चरित्र आठवावं.

महाराजांचा जन्म १८५४ साली सावंतवाडीजवळच्या माणगावी झाला. आजोबा हरिभट्टांपाशी त्यांनी वेद म्हटले. एकविसाव्या वर्षी लग्न झाले, अन्नपूर्णाबाई घरात आल्या. १८८३ साली महाराजांनी माणगावात दत्तमंदिर उभारले आणि सुमारे सात वर्षे सेवा केली. मग दत्ताज्ञेने पत्नीसह गाव सोडले. एक मूल झाले, तेही लाभले नाही. १८९१ मध्ये गोदाकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाईही गेल्या. तिथेच महाराजांनी संन्यास घेतला.

पुढची तेवीस वर्षे दंड-कमंडलू घेऊन पायी फिरले. हिमालय पाहिला, तंजावर पाहिले. वाहनात बसले नाहीत, पैशाला शिवले नाहीत. संग्रहणीने शरीर पोखरले होते, तरी स्नान, संध्या, भिक्षेचा नेम सुटला नाही.

यतीचा चातुर्मास पौर्णिमेलाच बांधलेला. आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा करून तो एका जागी बसतो आणि चार पक्षांनी, भाद्रपदी पौर्णिमेला, उठतो. १९०९ साली हा मान आपल्या विदर्भाला मिळाला. उमरेड-भिवापूरच्या वाटेने पुढे गेलं की वैनगंगेकाठी पवनी लागते. महाराज त्या चातुर्मासात तिथे राहिले.

आता नवल पाहा. ज्यांचा स्वतःचा संसार असा मोडला, त्यांनीच दुसऱ्यांच्या संसारासाठी श्रीसत्यदत्तव्रत रचले. संन्याशाची कडक तपश्चर्या गृहस्थावर लादली नाही. कलश मांडावा, दत्तात्रेयांची षोडशोपचारे पूजा करावी, पोथी वाचावी, आरती करावी, प्रसाद वाटावा, एवढंच. पौर्णिमेला, गुरुवारी, जमेल तेव्हा घरोघरी हे व्रत होतं. शेजारीपाजारी येतात, लेकीसुना राबतात, नातवंडं प्रसादाची वाट पाहतात. घर एकत्र बसतं.

म्हणून उपास झेपत नसेल तर खंत नको. पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं आपलं धर्मशास्त्रच सांगतं. पूर्ण उपास होत नसेल तर एकभुक्त राहावं. तेही नाही जमलं तर नित्याच्या व्रतात मुलाने किंवा पत्नीने आपल्या वतीने उपास केलेला चालतो. गोळी चुकवून मात्र घरच्यांच्या जिवाला घोर लावू नये. सायंकाळी दत्तजन्माच्या वेळी दोन फुलं वाहून मनापासून हात जोडता आले, की पौर्णिमा साधली.

महाराजांनी १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदाकाठी गरुडेश्वरी देह ठेवला. मागे मठाची मालमत्ता नव्हती, की पोटचं लेकरू नव्हतं. पण आज पौर्णिमेला ज्या ज्या घरी सत्यदत्ताचा चौरंग मांडला जातो, ते प्रत्येक घर त्यांचंच आहे. यंदा आपल्या घरचाही मांडू या.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!