स्क्रूला शिस्त लावणारा व्हिटवर्थ

मोडलेल्या हाडाला बसवलेली धातूची पट्टी आणि तिचे स्क्रू काही रुग्णांमध्ये वर्षा-दोन वर्षांनी काढावे लागतात. शस्त्रक्रिया तशी साधी असते. पण आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद हरवले असतील आणि स्क्रूच्या डोक्यातली खाच कोणत्या मापाची आहे हे ठाऊक नसेल, तर तीच शस्त्रक्रिया घाम काढते. साडेचार मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूला साडेतीन मिलिमीटरचा षटकोनी स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो नीट बसला की स्क्रू अलगद सुटून येतो. खाच निराळ्या मापाची निघाली तर ड्रायव्हर घसरतो, खाचेच्या कडा झिजतात आणि शेवटी हाड कोरून स्क्रू काढायची वेळ येते. भुलीचा वेळ वाढतो, रक्त जास्त जाते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मिलिमीटरभराच्या फरकाची किंमत रुग्ण मोजतो.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी जगातल्या बहुतेक यंत्रांची हीच अवस्था होती. त्यातून वाट काढणाऱ्या माणसाचे नाव जोसेफ व्हिटवर्थ.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील चार्ल्स शाळामास्तर होते. जोसेफ दहा वर्षांचा असताना आई वारली. वडील धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घ्यायला निघून गेले आणि मुलांची पांगापांग झाली. बाराव्या वर्षी त्याला लीड्सजवळच्या एका निवासी शाळेत घातले, चौदाव्या वर्षी डर्बीशायरमधल्या काकांच्या सूतगिरणीत. पुढेमागे त्याने गिरणीत भागीदार व्हावे, असा घरच्यांचा बेत होता. पण मुलाचे लक्ष सुतापेक्षा सूत काढणाऱ्या यंत्रांत अधिक होते. चारेक वर्षांनी त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टरमध्ये साधा कारागीर म्हणून कामाला लागला.

१८२५ मध्ये त्याने फॅनी अँकर्सशी लग्न केले आणि लंडन गाठले. तिथे हेन्री मॉड्स्ले यांच्या कारखान्यात त्याला काम मिळाले. अचूक कामाची तेव्हा त्याहून चांगली शाळा नव्हती. पुढे जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही तो राहिला. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राचे भाग याच ठिकाणी बनत होते. आजच्या संगणकाच्या पूर्वजाच्या जडणघडणीत व्हिटवर्थचाही हात लागला, तो असा.

लंडनमध्ये त्याने ध्यास घेतला सपाटीचा. लोखंडाची पाटी खरोखर सपाट आहे हे ओळखायचे कसे? दोन पाट्या एकमेकींवर घासल्या तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या बेमालूम जुळतात. व्हिटवर्थने तीन पाट्या घेतल्या. रंग लावून प्रत्येक पाटी उरलेल्या दोघींशी ताडून पाहायची आणि जिथे उंचवटा दिसेल तिथे हाताने खरवडायचे. तिन्ही पाट्या आपसांत जुळल्या, की त्या सपाटच असल्या पाहिजेत. १८४० मध्ये ग्लासगो येथील शास्त्रीय परिषदेत त्याने यावर निबंध वाचला.

१८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढून लेथसारखी यंत्रे बनवू लागला. इथे रोज एकच कटकट समोर येई. स्क्रूला आटे असतात. इंचभरात ते किती, किती खोल आणि त्यांच्या उतारांमधला कोन किती, हे प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने ठरवी. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर चढत नसे. वाफेच्या इंजिनाचा बोल्ट तुटला, की ते जिथे बनले तिथूनच नवा मागवायचा किंवा गावातल्या कारागिराकडून तेवढ्यापुरता घडवून घ्यायचा. तोवर इंजिन बंद. रेल्वे वाढत होती आणि प्रत्येक रेल्वेच्या दुरुस्तीखान्यात निरनिराळ्या आट्यांसाठी निरनिराळी हत्यारे साठत होती.

व्हिटवर्थ स्वभावाने हट्टी आणि वादाला न भिणारा. आपले काम सर्वोत्तम आहे याबद्दल त्याला कधी शंका नसे. असा माणूस आपल्या मते उत्तम असलेला स्क्रू बनवील आणि तोच वापरा म्हणून जगामागे लागेल, असे वाटणे साहजिक आहे. त्याने तसे केले नाही. देशातल्या मोठ्या कारखान्यांतून त्याने चालू वापरातले स्क्रू गोळा केले, ते मोजले आणि त्यांची सरासरी काढली. कोनांची सरासरी आली ५५ अंश. तोच कोन सगळ्या स्क्रूंसाठी ठरला. मग जाडीप्रमाणे आट्यांची संख्या ठरवली. पाव इंचाच्या स्क्रूला इंचामागे २० आटे, अर्ध्या इंचाच्या १२, एक इंचाच्या ८. आट्यांचे माथे आणि तळ किंचित गोलसर ठेवले. हे सारे त्याने १८४१ मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले.

या कोष्टकातला कुठलाही आकडा निसर्गनियमातून आलेला नव्हता. ५५ ऐवजी ५३ किंवा ५८ अंशांनीही नट घट्ट बसला असता. कोष्टकाचे बळ दोन गोष्टींत होते. एक म्हणजे ते कुणा एकाचे नव्हते. सरासरी असल्यामुळे प्रत्येक कारखान्याला थोडेच बदलावे लागणार होते. दुसरी म्हणजे त्यात मोजकीच मापे होती. त्याबरहुकूम आटे पाडणारी हत्यारे आणि ते तपासणारी गेजेस व्हिटवर्थचाच कारखाना विकू लागला. कागदावरचा नियम असा पोलादात उतरला. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि पुढच्या वीस वर्षांत तो ब्रिटनभर रुजला.

त्याची कसोटी क्रिमियाच्या युद्धात लागली. नौदलाला लहान तोफनौकांसाठी ९० इंजिने तातडीने हवी होती. जॉन पेन यांनी नमुन्याच्या इंजिनाचे भाग सुटे करून देशातल्या निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले. सगळीकडून तयार होऊन आलेले भाग एकमेकांत बसले आणि सुमारे तीन महिन्यांत इंजिने उभी राहिली. आट्यांचे माप एक नसते तर हे जमले नसते.

याच युद्धाने व्हिटवर्थला दुसऱ्या वाटेवर नेले. सरकारच्या विनंतीवरून त्याने बंदुकीचा अभ्यास केला आणि षटकोनी नळीची बंदूक बनवली. १८५७ च्या चाचण्यांत दूरच्या नेमात तिने सैन्याच्या नेहमीच्या एन्फिल्ड बंदुकीला सहज मागे टाकले. तरी सैन्याने ती घेतली नाही. ती महाग होती आणि तिची अरुंद नळी दारूच्या काजळीने लवकर तुंबे. व्हिटवर्थला हा नकार फार लागला. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. इतक्या काटेकोरपणाने माणसे मारलीही गेली, ही नोंद त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही. त्यात एक विसंगतीही आहे. सर्वांना चालेल असा स्क्रू देणाऱ्याने बंदूक मात्र केवळ स्वतःच्या हिशेबाने घडवली. स्क्रू सर्वत्र पसरला, बंदूक संग्रहालयांत गेली.

स्क्रूच्या कोष्टकालाही आव्हान मिळालेच. १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला. तो साध्या कारागिरालाही बनवायला आणि तपासायला सोपा होता. अमेरिका त्या वाटेने गेली. दोन्ही प्रमाणे आपापल्या देशात चांगली चालली, पण एकत्र आल्यावर अडली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांचे नट-बोल्ट एकमेकांना बसेनात. अखेर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांवर समेट केला. आजचे मेट्रिक स्क्रूही ६० अंशांचेच आहेत. व्हिटवर्थचे ५५ अंश मात्र पाण्याच्या पाइपांत टिकले. आपल्या मोरीतला अर्ध्या इंची नळ प्लंबर टेप गुंडाळून भिंतीत फिरवतो, तेव्हा तो १८४१ च्याच कोनात फिरत असतो.

व्हिटवर्थचे कोष्टक आता संगणकात राहते. यंत्राचा आराखडा काढणारा अभियंता बोल्ट रेखाटत बसत नाही. कॅड प्रणालीतल्या तयार संग्रहातून तो आठ मिलिमीटर जाडीचा, पंचवीस मिलिमीटर लांबीचा बोल्ट निवडतो आणि तो चित्रात बसतो. पण संग्रहात हजारो मापे असतात आणि सगळी हाताशी असली, की जुनी कटकट नव्या रूपात परतते. एकाच यंत्रात एकाने पंचवीसचा, दुसऱ्याने अठ्ठावीसचा, तिसऱ्याने तिसाचा बोल्ट निवडला, की भांडारात तीन खोके आणि दुरुस्तीच्या वेळी गोंधळ. म्हणून जाणत्या कंपन्या संग्रह छाटतात. आपण खरोखर वापरतो तेवढीच मापे ठेवतात, प्रत्येकाला एकच क्रमांक देतात आणि बदल करण्याचा अधिकार एक-दोघांकडेच ठेवतात. खास माप लागलेच, तर ते वेगळ्या नावाने वेगळ्या जागी ठेवतात. प्रमाणित बोल्टच्या फायलीत कोणी गुपचूप डोक्याची जाडी बदलली, तर नाव तेच राहते आणि वस्तू बदलते. औषधाच्या बाटलीवर लेबल तेच ठेवून आतली मात्रा बदलण्याइतकेच ते घातक. दवाखान्यात कोणतीही नेहमीची सुई कोणत्याही नेहमीच्या सिरिंजवर बसते, कारण त्या जोडाचा निमुळतेपणा सहा टक्के असा जगभर एकच ठरलेला आहे. तो मनाला येईल तसा बदलायची मुभा कोणाला नाही.

व्हिटवर्थला आयुष्यात मानसन्मान भरपूर मिळाले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याची यंत्रे गाजली, १८५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले, १८६९ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली. इंचाचा दशलक्षावा भाग मोजणारे यंत्र त्याने बनवले. स्वतःला नीट शिक्षण न मिळालेल्या या माणसाने १८६८ मध्ये तरुण कारागिरांसाठी दरसाल १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. पहिली पत्नी वारल्यावर १८७१ मध्ये त्याने दुसरे लग्न केले. मूलबाळ झाले नाही. उतारवयात प्रकृती साथ देईना, म्हणून तो हिवाळा दक्षिणेच्या उबदार किनाऱ्यावर काढी. तिथेच, माँटे कार्लो येथे, २२ जानेवारी १८८७ रोजी त्याचा मृत्यू झाला.

मागे राहिलेली मोठी संपत्ती त्याने पत्नी आणि दोन स्नेह्यांच्या हाती सोपवली होती. तिच्यातून डार्ली डेल या त्याच्या गावी १८८९ मध्ये रुग्णालय झाले. मँचेस्टरमध्ये १८९२ साली कर्करुग्णांसाठी एक रुग्णालय सुरू झाले. त्या दोघा स्नेह्यांपैकी रिचर्ड ख्रिस्टी यांचे नाव त्याला १९०१ मध्ये दिले गेले. कर्करोगावर तेव्हा रेडियमचे उपचार नुकतेच येऊ घातले होते आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक डॉक्टर रेडियमच्या सुया आपल्या अंदाजाने ठेवत असे. कुठे मात्रा कमी पडून गाठ परत येई, कुठे जास्त होऊन निरोगी भाग जळे. १९३४ मध्ये याच ख्रिस्टी रुग्णालयातल्या राल्स्टन पॅटर्सन आणि हर्बर्ट पार्कर यांनी सुया कशा मांडाव्यात आणि किती वेळ ठेवाव्यात याची कोष्टके प्रसिद्ध केली. मँचेस्टर पद्धती या नावाने ती जगभरच्या रुग्णालयांत वापरली गेली. रुग्ण कोणत्याही गावचा असो, त्याला मिळणारी मात्रा आता मोजूनमापून ठरू लागली.