ल्यूटवादक जॉन डाऊलंड

शंभराव्या स्तोत्राची जुनी जिनीव्हा येथील चाल आपणांपैकी पुष्कळांच्या कानांवरून गेली असेल. त्या चालीला चार आवाजांची जोड देणाऱ्या इंग्रज संगीतकारांत जॉन डाऊलंड हा एक होता, व त्याची ती रचना रेव्हन्सक्रॉफ्ट ह्याने १६२१ साली काढलेल्या स्तोत्रसंग्रहात छापलेली आहे. तथापि त्याची खरी कीर्ती ल्यूट ह्या वाद्यामुळे झाली.

हे वाद्य अरबांच्या ऊद नामक वाद्यापासून निघाले. पपई उभी चिरून तिची अर्धी फाक पालथी घालावी, तशी त्याची पाठ फुगीर असून ती लाकडाच्या अगदी पातळ पट्ट्या जोडून केलेली असते. तोंड मात्र सपाट. तारा धातूच्या नव्हेत, तर आतड्याच्या तातीच्या, आणि बहुतेक जोडीजोडीने लावलेल्या. सतारीला जसे पडदे, तसे येथे गळ्याभोवती तातीचेच पडदे बांधतात. वाजविणारा नखी न घेता बोटांच्या टोकांनीच छेडतो. डॉ. मार्टिन लूथर ह्यांनाही हे वाद्य वाजविता येत असे.

डाऊलंडचा जन्म १५६३ साली झाला. १५८० मध्ये तो इंग्रज वकील सर हेन्री कॉबम ह्यांच्या चाकरीत पॅरिस शहरी गेला. तेथे ह्या तरुणाने रोमन कॅथोलिक पंथ स्वीकारला. त्या काळी इंग्लंडात राणी एलिझाबेथ हिचा अंमल असून, रोमी पंथात जाणे प्राणावर बेतू शकत असे. तरी तो स्वदेशी परतला, त्याने लग्न केले, आणि १५८८ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठाने त्यास संगीताची पदवी दिली.

१५९४ साली राणीच्या पदरचा एक ल्यूटवादक मरण पावला. ती जागा आपणांस मिळेल अशी डाऊलंडची उमेद होती. पण ती मिळाली नाही. आपला पंथच आड आला, असे त्याने मनात घेतले. ते खरे होते की नाही कोण जाणे. कारण विल्यम बर्ड हा उघड कॅथोलिक असताही राणीच्या उपासनामंदिरात संगीतकार म्हणून नांदत होता. असो. मन खट्टू होऊन डाऊलंड जर्मनीत गेला, तेथून पुढे इटलीस. रोम येथे मारेन्त्सियो नावाच्या गुरूजवळ शिकावे असा त्याचा बेत होता. परंतु फ्लॉरेन्स येथे काही परागंदा इंग्रज कॅथोलिकांशी त्याची गाठ पडली, आणि ही मंडळी राणीविरुद्ध कट करीत आहेत हे कळताच तो घाबरून मागे फिरला. १५९५ च्या नोव्हेंबरात न्यूरेंबर्ग येथून त्याने राणीचे मंत्री सर रॉबर्ट सेसिल ह्यांस लांबलचक पत्र धाडले. त्यात कटाची बातमी दिली, आपण भुलून त्या पंथात गेलो असे कबूल केले, व बायकामुलांकडे परतण्याची तळमळ व्यक्त केली.

हा पश्चात्ताप होता, की फासाची भीती? पोटासाठी धर्म बदलला, हे बोल ज्यांनी आपल्याच गावात ऐकले आहेत, त्यांना ह्या माणसाची अडचण अधिक कळेल. पहिल्या वेळी पंथ बदलून त्याला काहीच लाभले नाही, उलट जागा गेली असे तो समजत होता. दुसऱ्या वेळी जीव आणि घर दोन्ही पणास लागले होते. आम्हांस वाटते की भीती खरी होती आणि पश्चात्तापही खरा होता. मनुष्याच्या मनात ही दोन्ही एकाच खोलीत राहतात.

१५९७ साली त्याने आपल्या गीतांचे पहिले पुस्तक छापले. त्याची मांडणी मोठी गमतीची आहे. निरनिराळ्या आवाजांचे भाग पानावर निरनिराळ्या दिशांना तोंड करून छापलेले असत, म्हणजे एक पुस्तक मेजावर ठेवून चौघांनी चारी बाजूंनी बसावे व गावे. लोकांस ते फार आवडले व पुन्हा पुन्हा छापावे लागले. तरी राणीचा दरबार उघडला नाहीच. १५९८ मध्ये डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन ह्याने त्यास सालीना ५०० डालर वेतनावर बोलाविले. ही रक्कम फारच मोठी होती. पण पैसा त्याच्या हाती टिकेना, रजा लांबत गेली, आणि १६०६ साली त्यास काढून टाकण्यात आले. अखेर १६१२ मध्ये, राजा जेम्स ह्याच्या कारकीर्दीत, इंग्लंडच्या दरबारी त्याची नेमणूक झाली. वय एकोणपन्नास! जी जागा मिळावी म्हणून अर्धे आयुष्य गेले, ती मिळाल्यावर त्याने नवे असे फारच थोडे रचले. १६२६ च्या फेब्रुवारीत लंडन येथील ब्लॅकफ्रायर्सच्या सेंट ॲन मंदिरात त्यास पुरले. १६६६ च्या मोठ्या आगीत ते मंदिर जळाले व पुन्हा बांधले गेले नाही.

पुढे ल्यूटही मागे पडले. परंतु त्याचे संगीत लिहिण्याची रीत अशी की, सहा रेघा म्हणजे तारांच्या सहा जोड्या, आणि रेघेवरील अक्षर म्हणजे कोणत्या पडद्यावर बोट ठेवावे ते. सूर कसा लागतो हे विसरले गेले, तरी बोट कोठे ठेवावे हे कागदावर राहिले. त्यामुळे १८९३ साली आर्नल्ड डॉलमेच ह्याने जुन्या नमुन्यावरून ल्यूट बनविले, तेव्हा त्या अक्षरांतून डाऊलंडचे संगीत पुन्हा वाजू लागले. पुढे ज्युलियन ब्रीम ह्याने ते देशोदेशी नेले, आणि आज तर ध्वनिमुद्रणे खेड्यातील मोबाइलवरही ऐकता येतात.

ऐकणाराने एक करावे: आवाज मोठा करू नये. हे वाद्य मैदानासाठी नव्हे, खोलीतील चार माणसांसाठी आहे. रात्री गोठ्यातील गुरे शांत झाल्यावर, दिवा मंद करून, लाक्रिमे म्हणजे अश्रू ह्या नावाची त्याची रचना लावावी. आरंभीच चार सूर एकेक पायरी खाली उतरतात, जसा गालावरून थेंब ओघळतो. त्यांच्या खाली दुसरा, तिसरा आवाज हळूहळू चालू होतो, आणि एकाच माणसाची बोटे ते सर्व वाजवीत असतात, हे प्रथम ऐकताना आम्हांस खरे वाटेना. ही रचना त्यास स्वतःलाही इतकी प्रिय होती की, सही करताना तो कधी आपल्या नावापुढे अश्रूंचा डाऊलंड असे लॅटिनात लिहीत असे.