पंडिता रमाबाई: लंडनच्या एका आधारगृहातून केडगावच्या 'मुक्ती'पर्यंतचा प्रवास

पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाबाहेरच्या माळरानावर दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली राहत होत्या. कुणाचे आईबाप भुकेने गेले होते, कुणी बालविधवा होती, कुणाला घरच्यांनीच सोडून दिलं होतं. या मुलींना इथे आणणारी बाई होती पंडिता रमाबाई.

अनाथ आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी असं घर उभं करता येतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं ते परदेशात. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं २५.

भुकेची ओळख लहानपणापासूनच

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ इथे झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात येतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवणं पाप मानलं जाण्याच्या काळात त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पायी फिरत असे.

१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कुणी उरलं नाही. आधी वडील गेले, मग आई आणि थोरली बहीण. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी भारतभर चालत राहिले. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पण दुःख संपलं नव्हतं. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी होती.

इंग्लंडला का गेल्या?

त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. स्वतःही डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. सोबत आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या संस्थेचं काम पुण्यातही होतं, तिथूनच ही ओळख झाली होती. पण परदेशातले हे दिवस सोपे नव्हते. आनंदीबाईंनी तिथेच आपलं जीवन संपवलं. रमाबाईंना ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेतही सोडावा लागला.

फुलहॅममध्ये काय पाहिलं?

याच काळात भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथे नेलं. तिथे समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी आधारगृह होतं. रमाबाईंना सगळ्यांत जास्त हलवलं ते एका गोष्टीने. पूर्वी या घरात आधाराला आलेल्या काही स्त्रिया आता स्वतःच आजारी आणि दुबळ्या माणसांची सेवा करत होत्या.

रमाबाईंनी धर्मशास्त्रं वाचली होती. पण अशा स्त्रीला पुन्हा उभं करायचं असतं, हा विचार त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आला. भारतात तिच्या वाट्याला फक्त शिक्षा आणि बहिष्कार येत असे. त्यांच्या धर्मांतरामागे जी कारणं होती, त्यांतलं हे एक मोठं कारण. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र त्यांनी भगिनींचं काम स्वीकारलं, प्रत्येक आज्ञा नाही. धर्ममतांवरून मठातल्या वडीलधाऱ्यांशी त्यांचे खटके उडत राहिले.

अमेरिकेतून काय आणलं?

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची फ्रोबेलची बालवाडी पद्धत त्या शिकल्या. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गावोगावी व्याख्यानं दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं. त्याने भारतातल्या शाळेला दहा वर्षं मदत करण्याचं कबूल केलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' सुरू झालं. तिथे पहिल्यांदा आलेल्या विधवांमध्ये गोदूबाई जोशी होत्या. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

वाद कशावरून पेटला?

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यात आलं. ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. पैसा परदेशातला, चालवणारी धर्मांतरित, मग मुलींना बाटवण्याचा हेतू नाही कशावरून, असा सवाल 'केसरी'ने लावून धरला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

रमाबाईंचं म्हणणं होतं की त्या कुणावर सक्ती करत नाहीत, पण स्वतःचा धर्म लपवणारही नाहीत. टीकाकारांना हे पटलं नाही. निराधार मुलगी ज्याच्या छपराखाली राहते, त्याचा प्रभाव तिच्यावर पडतोच, हा त्यांचा मुद्दा होता. परदेशी मदतीवर चालणाऱ्या आश्रमांबद्दल हा प्रश्न आजही विचारला जातो.

दुष्काळ आणि 'मुक्ती'

१८९६ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पण पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, इतक्या नव्या मुलींना शहरात ठेवता येईना. त्यामुळे केडगावला आधीच घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करावी लागली. मुलींची हाडं वर आलेली होती, अनेक जणी आजारी होत्या.

इतक्या मुलींना न्हाऊ-माखू घालायला, भरवायला आणि शिकवायला माणसं लागत होती. काही परदेशी स्त्रिया मदतीला आल्या. अमेरिकेच्या मिनी अब्राम्स त्यांपैकी एक. १८८७ मध्ये मुंबईत येऊन त्या मराठी शिकल्या होत्या आणि १८९८ पासून केडगावला काम करू लागल्या. मनोरमाही अमेरिकेतलं शिक्षण संपवून आली आणि तिने अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतलं.

पण मोठा भार उचलला तो तिथल्याच मुलींनी. आधी आलेल्या मुली नंतर आलेल्यांना सांभाळत. शेती, विणकाम, तेलघाणा, दुभती जनावरं, छापखाना, सगळीकडे त्याच काम करत. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि 'मुक्ती'तली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. 'कृपा सदन' हा वेगळा विभाग तर फुलहॅममध्ये पाहिलेल्या स्त्रियांसारख्याच स्त्रियांसाठी होता.

शेवटची वर्षं

पुढची अनेक वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. त्याची छपाईही 'मुक्ती'तल्या स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचं निधन झालं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या.

फुलहॅममध्ये त्या पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. भारतात परतल्यावर मात्र ३३ वर्षं त्या या कामातून बाजूला झाल्या नाहीत. ज्या मुलींना आधार मिळाला त्यांनीच पुढे इतरांना आधार द्यावा, ही लंडनमध्ये पाहिलेली रीत त्यांनी केडगावच्या माळावर रुजवली. तिथली 'मुक्ती' संस्था आजही सुरू आहे.