लक्ष्मणराव किर्लोस्कर: नांगर तयार होता, गिऱ्हाईक नव्हतं

ॲप एकदम भारी असतं, तरी लोक ते वापरत नाहीत. असं का होतं? मला याचं उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातला. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखू येईनात. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि पुढे तीच शिकवली. नंतर बेळगावात सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

इथे गाडी अडली. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला जवळपास दोन वर्षं गेली! नांगर चालत होता, विश्वास नव्हता. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ मध्ये ते गेले, तोवर त्यांचा नांगर घरोघरी माहीत झाला होता.

आता आपल्या फोनकडे बघा. मी येलदरीचा. आमच्याकडे शेत एकर-गुंठ्यात मोजून बोलतात आणि परदेशात बनलेलं ॲप हेक्टर विचारतं. ओटीपी मागितला की म्हातारी माणसं फोन बाजूला ठेवतात. त्यांना अडाणी म्हणू नका, फसवणूक खरीच होते. नुसतं मराठी भाषांतर पुरत नाही. समोरच्याची भीती आधी समजून घ्या, मग बटण कुठे ठेवायचं ते ठरवा.